एजिना बेटावरचं स्थळ

“ह्या वांग्यांचा भाव विचारूया का गं?” ह्यांनी विचारलं.

मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ग्रीसमधल्या एजिना नावाच्या बेटावर, धक्क्याला बांधलेल्या एका होडीसमोर आम्ही उभे होतो. होडीतच भाजीचं दुकान होतं. टोमॅटो, भोपळी मिरच्या, कलिंगडं आणि ती काळीभोर वांगी. आमचे हे, धन्यकुमार मगदूम, वीज मंडळातले निवृत्त उपअभियंता, डोक्याला हातरुमाल बांधून त्या वांग्यांकडे असे बघत होते की जणू पोतंभर सांगलीला न्यायची आहेत.

“वांगी घेऊन काय करणार आहात? परतीच्या बोटीत भरीत करणार?”

“तसं नाही. आपलं माहिती असावं.”

सकाळी साडेनऊला बोटीतून उतरल्यापासून हेच चाललं होतं. आधी धक्क्याच्या टोकाला असलेलं पांढरं, घुमटाचं छोटं देऊळ बघायला गेलो. आकारानं आपल्या शेतातल्या देवळाएवढं. पाच मिनिटांचं काम, तिथे ह्यांनी अर्धा तास काढला. मग पिस्त्यांच्या टपऱ्या. त्या बेटावर पिस्ते पिकतात, त्यामुळे दर दहा पावलांवर एक टपरी. प्रत्येक टपरीवर हे थांबायचे, एक पिस्ता चाखायचे, मान हलवायचे आणि पुढच्या टपरीकडे वळायचे. त्यानंतर रस्त्यावरचा एक विजेचा डबा उघडा दिसला, तर त्यात डोकावून उभे राहिले. मी तोंडानं काही बोलले नाही असं नाही. मी सतत बोलतच होते.

त्या दिवशी आम्ही तिथे फिरायला गेलो नव्हतो. आम्ही स्थळ बघायला गेलो होतो.

चंदना ही आमची एकुलती एक मुलगी. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात, जहाजांचे आराखडे करणाऱ्या कंपनीत ती नोकरीला होती. तिथेच थानासी नावाच्या मुलाशी तिचं जुळलं. आदल्या डिसेंबरात तिनं ते मला फोनवर सांगितलं, तेव्हा मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणून मोकळी झाले. आम्ही जैन. घरात कांदा-बटाटासुद्धा येत नाही, सूर्य मावळायच्या आत पानं वाढली जातात. आणि हा मुलगा समुद्राकाठचा. त्याच्या घरी ताटात काय असणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

त्यानंतर ह्यांनी माझ्यामागे भुणभुण लावली. ‘एकदा जाऊन तर येऊ. घर बघू, माणसं बघू.’ जेवताना तेच, फिरायला गेल्यावर तेच. सहा महिन्यांनी मी म्हटलं, ठीक आहे. सव्वीस वर्षं मी मुलींच्या शाळेत होते, त्यातली अकरा पर्यवेक्षिका म्हणून. वही न तपासता मी कुणाला नापास केलेलं नाही. घर बघेन, मुलाच्या आईशी बोलेन आणि मग हो की नाही ते सांगेन. चंदनाला मी तसं स्पष्ट कळवलं. ती एवढंच म्हणाली, “ये आई.”

सप्टेंबरात आम्ही गेलो. चार दिवस तिच्या फ्लॅटवर राहिलो आणि पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ह्या बेटावर यायचं ठरलं. तिला अर्धीच रजा होती. आम्ही सकाळच्या बोटीनं पुढे जायचं, ती आणि थानासी दुपारी एकच्या बोटीनं येणार आणि मग चौघांनी मिळून अडीच वाजता त्याच्या आईकडे जेवायला जायचं. बाप कधीच वारलेला, घरी एकटी आईच. पत्ता मी चंदनाकडून कागदावर लिहून घेतला होता. ती म्हणत होती, “कशाला आई, मी आहे ना?” पण पत्ता खिशात नसताना मी परक्या गावात पाऊल टाकत नाही.

तर त्या होडीसमोरून मी ह्यांना ओढून काढलं आणि म्हटलं, “चला, वेळ आहे तर ते घर लांबून एकदा बघून येऊ.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? पाहुणे येणार म्हणून घर आवरलेलं असतंच. तीन तास आधी अंगण कसं दिसतं, त्यावरून बाई कळते.”

“राजमती, तुला मी एक...”

“तुम्ही एक नाही, दहा कारणं सांगाल. चला.”

“पाय दुखतायत गं. जरा कॉफी पिऊ.”

ती सकाळपासूनची दुसरी कॉफी. समुद्राकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या होत्या. शेजारच्या खाणावळीच्या दोरीवर ऑक्टोपस वाळत घातले होते, आपण पायमोजे वाळत घालतो तसे. मी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. हे कपात चमचा फिरवत बसले. साखर घातली नव्हती, तरी फिरवत होते.

“मी काय म्हणतो,” हे म्हणाले, “समजा, एखादी गोष्ट होऊनच गेली असेल...”

“कुठली गोष्ट?”

“नाही, म्हणजे समजा.”

“तुमचं हे समजा-बिमजा मला समजत नाही. स्पष्ट बोला. तुम्हाला ते घर बघायचं आहे की नाही? सहा महिने माझं डोकं खाल्लंत आणि आता दारापर्यंत आणून पाय ओढताय. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही जुनी सवय तुमची. चंदनाच्या ॲडमिशनच्या वेळीही हेच. भावाच्या वाटणीच्या वेळीही हेच.”

आणि मग वाटणीवरून मी जी सुरू झाले ती त्यांची कॉफी संपेपर्यंत बोलतच होते. त्यांनी तिसरी मागवली.

साडेबाराला ह्यांचा फोन वाजला. चंदनानं तिथलं एक सिमकार्ड दिलं होतं, ते ह्यांच्या फोनमध्ये होतं. हे उठून लांब कठड्यापाशी गेले. वारं होतं, मला काही ऐकू येईना. एका हातानं कान झाकून हे बोलत होते आणि मधेच माझ्याकडे बघत होते. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता.

“एकची बोट रद्द झाली. इंजिनात काहीतरी बिघाड आहे. पुढची तीनला सुटते. पोरं सव्वाचारपर्यंत पोचतील.”

“आणि जेवण?”

“चंदना म्हणते, ते दोघं आल्याशिवाय घरी जाऊ नका. इथेच काहीतरी खाऊन घ्या.”

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

“तिकडे ती बाई सकाळपासून स्वयंपाक करून आपली वाट बघत असेल. आणि आपण इथे तिच्या दारापासून दहा मिनिटांवर, हे असले लोंबणारे प्राणी बघत पाव खायचा? सव्वाचारला जायचं आणि तिला म्हणायचं, आमचं जेवण झालंय?”

“ती सांगेल त्यांना फोन करून.”

“अन्नाचा अपमान फोन करून होत नाही का? उठा.”

“राजमती, ऐक. आज माझं ऐक. पोरं येईपर्यंत थांबू.”

“कारण सांगा.”

ह्यांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. कपाळावरचा घाम पुसला. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस कारण विचारल्यावर असाच बसत आला होता. माझ्या डोक्यात एकदम तिडीक उठली. मी पर्स घेतली, सांगलीहून आणलेला मिठाईचा डबा घेतला आणि उभी राहिले.

“तुम्ही चौथी कॉफी घ्या. मी चालले.”

“अगं, एकटी? भाषा येत नाही तुला!”

“जेवायला बसायला भाषा लागत नाही.”

मी निघाले. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ कप फुटल्याचा, आणि मग वेटरचा. ह्यांना तिथे थांबणं भाग होतं. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. लग्नानंतर ह्यांना कुठे टाकून मी एकटी पुढे निघून गेले, ती पहिलीच वेळ.

घर शोधायला फार त्रास पडला नाही. कागद दाखवला की लोक हातानं दिशा दाखवायचे. गावाची गल्ली संपली तिथे पिस्त्यांची बाग सुरू होत होती आणि बागेच्या तोंडाशीच निळ्या दाराचं बसकं घर. अंगणात चादरी अंथरून पिस्ते वाळत घातले होते. आमच्याकडे तासगावला बेदाणे वाळत घालतात, तसेच. अंगण झाडलेलं होतं. एवढं मी लगेच टिपलं.

दार उघडणारी बाई साठीची असेल. बुटकी, रुंद, हाताला पीठ लागलेलं. मला बघून तिनं दोन्ही हात गालांना लावले आणि ओरडली, “चंदना ममा!” मग मला मिठीच मारली. माझ्या साडीवर पाठीमागे पिठाचे दोन पंजे उमटले, ते मला नंतर कळलं.

तिचं नाव फोतिनी. तिला इंग्रजीचे थोडे शब्द येत होते. बाकी सगळं ती हातांनी आणि भुवयांनी बोलायची. मी इथे ते नीट करून सांगते आहे.

मिठी सोडल्यावर ती पहिल्यांदा खाली वाकली आणि माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघितलं.

“गुडघा? आता बरा?”

मला काही कळेना. मी म्हटलं, बरा आहे. तरी तिनं माझ्या कोपराला धरलं आणि दोन पायऱ्या चढताना मला जवळजवळ उचललं. आत नेऊन सगळ्यात उंच खुर्चीत बसवलं. एक स्टूल आणलं, त्यावर उशी ठेवली आणि माझा पाय उचलून त्यावर ठेवला. मी पाय खाली घेतला. तिनं पुन्हा वर ठेवला. मला वाटलं, हिच्याकडे पाहुण्यांचं असंच करतात की काय? की मी हिला इतकी म्हातारी दिसते? माझ्यापेक्षा हिचंच वय चार वर्षांनी जास्त असेल! पण परक्या घरी पहिल्याच मिनिटाला हुज्जत नको, म्हणून तशीच तंगडी वर करून बसले.

मी बोटानं समुद्राकडे दाखवून ‘बोट नाही, सव्वाचार’ असं समजावलं. तिला फोन आलेला होता. तुम्ही आलात ते बरं झालं, असं काहीसं ती म्हणाली आणि मला स्वयंपाकघरात बोलवायच्या ऐवजी तिनं पातेलीच बाहेर माझ्यासमोर आणली. झाकण काढलं. भात भरलेले टोमॅटो आणि भोपळी मिरच्या. मग तिनं बोटांवर मोजत मला हिशेब दिला. कांदा नाही. लसूण नाही. बटाटा नाही. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही. शेवटी पातेल्याच्या बुडावर टकटक केलं आणि म्हणाली, “नवीन.” दुकानाची चिकटपट्टी अजून निघालेली नव्हती.

मी जे प्रश्न विचारायला म्हणून घरून ठरवून आले होते, त्यातले पहिले चार तिथेच संपले.

जेवायला मुलांसाठी थांबायचं ठरलं. फोतिनीनं मला लिंबाचं सरबत दिलं, हात धुतले, पुसले आणि कपाटातून एक जाडजूड पांढरा अल्बम काढून आणला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी अगदी खेटून बसली. मला वाटलं, मुलाचे लहानपणचे फोटो असणार. स्थळ बघायला गेलं की ते दाखवतातच.

तिनं पहिलं पान उघडलं.

एका सरकारी वाटाव्या अशा खोलीत, एका टेबलासमोर चंदना उभी होती. मी तिला दोन दिवाळ्यांपूर्वी दिलेली हिरवी साडी नेसलेली. शेजारी निळ्या सुटात थानासी. दोघांच्या हातात एकच पेन होतं आणि चंदना हसत होती. खाली सोनेरी अक्षरांत तारीख होती. एप्रिल महिन्यातली, चोवीस तारीख.

मी तो फोटो फार वेळ बघत राहिले असेन. फोतिनीनं पान उलटलं नाही. तिला वाटलं, आईचं मन भरून आलंय.

माझ्या डोक्यात मात्र पहिल्यांदा आली ती साडी. निऱ्या उलट्या बाजूला खोचल्या होत्या. एका बाजूनं साडी घोट्याच्या वर गेली होती, पदर खांद्यावर तीन-तीन पिनांनी आवळला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात नवशिक्या पोरी नेसतात, तशी. मी फोटोतल्या निऱ्यांवर बोट ठेवलं.

“मी,” फोतिनी छातीवर हात ठेवून म्हणाली. “मी आणि माझी बहीण. कॉम्प्युटरवर बघून. दोन तास लागले. चंदना रडली. म्हणाली, ममा असती तर पाच मिनिटं.” मग तिनं माझ्या गुडघ्यावर हळूच थोपटलं. “ऑपरेशन. डॉक्टर म्हणाला विमान नाही. मी तिला सांगितलं, रडू नको. ममाचा गुडघा बरा होईल. ममा येईल.”

आत्ता मला स्टूल कळलं. उशी कळली.

पुढच्या पानावर पाहुण्यांच्या रांगेचा फोटो होता. दहा-बारा माणसं. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी, म्हणजे तिच्यावर माणूस नव्हतं. पाठीला टेकवून एक फोन उभा करून ठेवला होता. फोतिनीनं भिंग आणावं तसा अल्बम उचलून माझ्या डोळ्यांजवळ धरला. फोनच्या पडद्यावर नखाएवढा एक चेहरा होता. पांढरा शर्ट. मागे आमची गच्चीवरची पाण्याची टाकी.

मला तो दिवस आठवला. एप्रिलातली ऐन दुपार, सांगलीचं ऊन, चिमणीसुद्धा बाहेर नव्हती. आणि हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, टाकीचा वॉल्व्ह बघतो म्हणून गच्चीवर गेले होते. तासभर खाली आले नाहीत. मी जिन्यातून ओरडले होते की डोकं फिरलंय का, वॉल्व्ह बघायला चांगला शर्ट कशाला, उन्हानं चक्कर येऊन पडाल तर मी उचलणार नाही. वरून ह्यांचा आवाज आला होता, “आलो, आलो. पाचच मिनिटं.” खाली आले तेव्हा डोळे लाल होते. मी म्हटलं, भोगा आता.

मी तिथे बसले होते आणि ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

डिसेंबरात मी फोनवर काय म्हटलं होतं, ते मी अजून सांगितलेलं नाही. चंदनानं सगळं सांगून झाल्यावर विचारलं होतं, “आई, तू येशील ना लग्नाला?” मी म्हटलं होतं, “त्याच्याशी लग्न करायचं असेल तर खुशाल कर. पण मला कळवायचे कष्ट घेऊ नकोस. कळलं तरी मी ते ऐकलं नाही असं समजेन.” आणि फोन ठेवला होता. मला तेव्हा वाटलं होतं, जरा कडक बोललं की पोर ताळ्यावर येईल. वर्गात तसंच व्हायचं.

पोरीनं माझं अक्षरशः ऐकलं होतं. मला कळवलं नव्हतं. आणि इथल्या माणसांना, आपल्या आईनं असं म्हटलं हे सांगायची लाज वाटली असेल, म्हणून तिनं माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं होतं.

मी हो की नाही ठरवायला आले होते. चार दिवस तिच्या फ्लॅटवर मी तिला ऐकवत होते, ‘बघू, मला पटलं तर.’ ती मान खाली घालून भाजी चिरत होती.

“आवडले? फोटो?” फोतिनीनं विचारलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी शंका होती. “चंदनानं तुम्हाला पाठवले ना?”

मला खोटं बोलता येत नाही, असा माझा लौकिक होता. शाळेत सगळ्यांना त्याचं भय होतं. मी सरबताचा घोट घेतला.

“हो,” मी म्हटलं. “पाठवले होते. पण फोनवर. इतके मोठे नाही.”

आणि मी माझा उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि पाय उशीवर नीट ठेवला.

तिचा चेहरा निवळला. मग ती एकदम उठली, आतल्या खोलीत गेली आणि ती हिरवी साडी घेऊन आली. चंदनानं तिच्याकडेच ठेवली होती. तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि खुणेनं विचारलं, शिकवता का? पुन्हा कधी वेळ आली तर?

मी उठले. लंगडत उठले. तिला खोलीच्या मधोमध उभं केलं. तिच्या फुलाफुलांच्या झग्यावरूनच तिच्या रुंद कमरेला एक दोरी बांधली आणि साडीचा पहिला वेढा दिला. निऱ्या तिच्याच हातात दिल्या, बोटं कशी धरायची ते दाखवलं. तिच्या चार निऱ्यांतली एक नेहमी सुटायची. ती हसायची, मी “नाही, पुन्हा” म्हणायचे, ती पुन्हा धरायची. माझे डोळे तोवर भरून वाहायला लागले होते, पण मी खाली वाकलेली असल्यामुळे तिला दिसत नव्हते.

तेवढ्यात दार ढकलून हे आत आले.

चंदनाला फोन करून, पत्ता विचारत धावत आले असावेत. हातरुमाल मानेवर घसरलेला, श्वास चढलेला. आधी त्यांना साडी नेसलेली फोतिनी दिसली, मग मी, मग खुर्चीवर उघडा पडलेला अल्बम. हे दारातच थांबले. आयुष्यात मी ह्यांचा इतका घाबरलेला चेहरा बघितला नव्हता. मीच समोर असताना हा माणूस इतका घाबरतो, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

“राजमती,” हे म्हणाले, “मी सांगणार होतो. चंदनानं सकाळचा वेळ मुद्दाम त्यासाठीच...”

“दारात काय उभे राहिलात? आत या,” मी म्हटलं. “आणि ती पिन द्या. तिकडे टेबलावर आहे बघा.”

त्यांनी पिन दिली. देताना ती दोनदा खाली पडली. फोतिनीनं त्यांना ओळखलं आणि फोनसारखा तळहात उभा धरून त्यांच्याकडे बोट दाखवत खूप हसली. ह्यांनी हात जोडले. “जय जिनेंद्र,” म्हणाले. तीही काहीतरी तसंच म्हणाली.

सव्वाचारच्या पुढे चंदना आणि थानासी आले. फाटकापासून चंदना पळतच आली आणि उंबऱ्यात मला बघून थबकली. तिनं आधी बापाकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या ओठांवरून मला कळलं की ती माझं पहिलं वाक्य काय असेल, त्याची तयारी करून आली आहे.

मला खूप बोलायचं होतं. माझं चुकलं, एवढं एक तरी. पण ते वाक्य माझ्या तोंडाला कधी लागलेलंच नव्हतं. मी म्हटलं, “निऱ्या डावीकडे वळवायच्या असतात. एवढं वाढवलं तुला, तेही लक्षात नाही?”

ती माझ्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडायला लागली. थानासी बिचारा दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला, मग बाहेर काढले, मग पुन्हा खिशात घातले. मी त्याला मानेनं जवळ बोलावलं. तो फार उंच होता. डोक्यावर हात ठेवायला मला त्याला खाली वाकवावं लागलं.

नव्या पातेल्यातलं जेवण आम्ही पाच वाजता जेवलो. चांगलं होतं. मीठ थोडं कमी होतं, पण मी तसं म्हटलं नाही.

संध्याकाळच्या बोटीनं आम्ही दोघंच परतलो. चंदना आणि थानासी रात्री तिथेच राहणार होते. फोतिनी मला धक्क्यापर्यंत सोडायला आली. सगळ्या गल्लीभर तिनं माझा हात सोडला नाही आणि मी सगळ्या गल्लीभर न चुकता लंगडले. बोटीची शिडी चढून, ती दिसेनाशी झाल्यावरच सरळ झाले.

वरच्या डेकवर लोखंडी बाकावर आम्ही बसलो. ऊन उतरलं होतं. मी विचारलं, “सकाळपासून सांगायचं होतं, तर सांगितलं का नाहीत?”

“सांगत होतो.”

“कधी?”

हे समुद्राकडे बघत होते. “तू बोलत होतीस,” म्हणाले.

त्यात राग नव्हता. तक्रारही नव्हती.

मी म्हटलं, “आता सांगा. एप्रिलचं. पहिल्यापासून.”

ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मी खरंच विचारते आहे का ते बघायला. मग सुरुवात केली. पहाटेच चंदनाचा मेसेज आला होता. शर्टाला ह्यांनी स्वतःच इस्त्री केली आणि बाही थोडी जळली. गच्चीवर फोन धरायला सावली नव्हती, म्हणून टाकीच्या आडोशाला उकिडवे बसले. सही करण्याआधी चंदना फोनजवळ आली आणि म्हणाली, “बाबा, आई काय करतेय?” हे म्हणाले, “खाली आहे. तुझ्यासाठीच काहीतरी करत असेल.” मी त्या वेळी जिन्यातून ओरडत होते. तो आवाज तिकडे त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. कुणीतरी विचारलं, हे कोण? चंदना म्हणाली, माझी आई आहे, आशीर्वाद देतेय.

हे सांगत राहिले. पिरेअसचे दिवे दिसायला लागले, माणसं सामान उचलून उभी राहिली, तरी सांगत होते. मी मधे एकदाही बोलले नाही.